उन्हाळ्यात मेंदूच्या प्रयोगशाळेत : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात परदेशी प्रयोगशाळांतल्या उन्हाळी संशोधनाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर देवगडपासून अलिबागपर्यंतची पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी मालवणची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. बाबा रापणीवर जातात, आई मासे विकते. आजोबांना पार्किन्सन्स झाला तेव्हापासून मेंदूचा अभ्यास करायचं डोक्यात आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे उन्हाळी संशोधन कार्यक्रम बघितले, ते विद्यार्थ्यांना पैसेही देतात. पण आमच्या कॉलेजात मेंदूचं म्हणावं तर फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेली एक बरणी आहे, बस. गुण सत्तर टक्क्यांच्या आसपास. माझ्यासारखीला कोण घेणार? सुरुवात कुठून करू?

उत्तर : सुरुवात घरातून कर. पुढच्या वेळी आई ताजी माकुलं (स्क्विड) आणेल तेव्हा त्यातलं एक तुझ्यासाठी मागून घे. नळी असते त्या बाजूनं कात्रीनं आवरण उभं काप, शाईची पिशवी फुटू न देता आतले अवयव बाजूला कर आणि आवरणाच्या आतल्या भिंतीकडे नीट बघ. डोक्याच्या बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे, एकेक छोटी चांदणी चिकटलेली दिसेल. तिच्यातून पांढरट दोरे पसरलेले असतात. ती चांदणी म्हणजे चेतापेशींची गाठ आणि ते दोरे म्हणजे चेता. सगळ्यात मागे, शेपटाकडे जाणाऱ्या दोऱ्यात माकुलाचा सगळ्यात जाड चेतातंतू असतो. मोठ्या जातीच्या माकुलात तो अर्धा ते एक मिलीमीटर जाड भरतो. तुझ्यामाझ्या शरीरातले बहुतेक चेतातंतू मिलीमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकेच असतात.

हा तंतू इतका जाड का, हे तुझ्या बाबांना विचारलंस तर अर्धं उत्तर ते देतील. जाळं जवळ आलं की माकूल पाणी फेकून मागच्या मागे झटक्यात पळतं. त्यासाठी सगळं आवरण एकाच क्षणी आकसावं लागतं, म्हणजे मेंदूकडून निघालेला संदेश शेपटापर्यंत अतिशय वेगानं पोहोचायला हवा. जाड नळातून पाणी कमी अडथळ्यानं वाहतं, तसा जाड तंतूतून विद्युतप्रवाह सहज पुढे सरकतो आणि संदेश लवकर जातो. जे. झेड. यंग या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात दाखवून दिलं की ज्या नळ्यांना लोक रक्तवाहिन्या समजत होते ते प्रत्यक्षात चेतातंतू आहेत.

आणि आता तुझ्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट. १९३९च्या उन्हाळ्यात ॲलन हॉजकिन या तरुण संशोधकानं केंब्रिजच्या अँड्र्यू हक्सली या २१ वर्षांच्या मुलाला प्लिमथच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. दोघांनी माकुलाच्या त्या तंतूत काचेची बारीक नळी आत सरकवली आणि चेतासंदेश जाताना पेशीच्या आतला विद्युतदाब कसा बदलतो ते पहिल्यांदा थेट नोंदवलं. काही आठवड्यांतच युद्ध सुरू झालं, काम थांबलं. युद्धानंतर ते परत त्याच तंतूकडे वळले, १९५२ साली चेतासंदेश कसा निर्माण होतो ते सांगणारी त्यांची समीकरणं प्रसिद्ध झाली आणि १९६३ साली त्यांना जॉन एक्लिस यांच्यासह नोबेल मिळालं. मेंदूविज्ञानाचा हा पाया एका उन्हाळ्यात, एका किनाऱ्यावर, कोळ्यांनी धरून आणलेल्या माकुलांवर रचायला सुरुवात झाली. म्हणून किनाऱ्यावरच्या मुलीनं ‘माझ्याकडे काही नाही’ असं लिहिलं की मला फार वाईट वाटतं.

तुझ्याकडे ताजी माकुलं रोज येतात. एक छोटं काम हाती घे. माकूल जसं लांबीनं वाढतं तसा हा तंतू किती जाड होत जातो? वेगवेगळ्या आकाराची वीस-पंचवीस माकुलं, कॉलेजचा सूक्ष्मदर्शक, नेत्रभिंगात बसवायची मोजपट्टी आणि एक वही, एवढं पुरे. जात ओळखायला अडचण आली तर रत्नागिरीच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे, तिथे नमुना घेऊन जा. मोजमापं आलेखावर मांड आणि पाच पानं लिही. आलेख वेडावाकडा आला तरी तसाच दाखव आणि का आला असेल ते लिही. निवड करणाऱ्यांसमोर शेकडो अर्ज असतात आणि जवळपास सगळ्यांत ‘मला लहानपणापासून मेंदूबद्दल कुतूहल आहे’ हे वाक्य असतं. पूर्ण केलेलं एक छोटं काम फार थोड्यांकडे असतं. सत्तर टक्के गुणांच्या शेजारी ते काम ठेवलंस तर वाचणारा थांबतो.

आता कार्यक्रमांविषयी. अमेरिकेतले तू पाहिलेस ते बहुधा तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशातून चालणारे असणार. ते फक्त अमेरिकेच्या नागरिकांसाठी आणि तिथल्या कायम रहिवाशांसाठी असतात. आपल्या मुलामुलींचे कितीतरी तास त्या अर्जांत फुकट जातात, म्हणून हे ठळकपणे सांगते. पात्रतेची ओळ आधी वाच, बाकीचं पान नंतर.

जे आपल्याला खुले आहेत त्यांपैकी मला ठाऊक असलेले, विश्वासाचे असे सांगते. जपानमध्ये ओकिनावा बेटावर ‘ओइस्ट’ ही संशोधन संस्था आहे. तिच्या रिसर्च इंटर्नशिपला जगभरातून कुणीही अर्ज करू शकतं. प्रवास, राहणं आणि रोजचा भत्ता संस्था देते आणि मेंदूविज्ञान हा तिथला मोठा विषय आहे. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या ‘ईपीएफएल’ या तंत्रविद्यापीठाचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम असतो. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ ‘इस्टा’ संस्थेचा असाच कार्यक्रम आहे. कॅनडाच्या ‘मिटॅक्स ग्लोबलिंक’मध्ये भारताचा समावेश आहे आणि तिथे बारा आठवडे मिळतात, पण गुणांची किमान अट असते आणि परत आल्यावर पदवीचं शिक्षण थोडं तरी शिल्लक असावं लागतं. जर्मनीच्या ‘डाड’ संस्थेची ‘वाइज’ शिष्यवृत्ती भारतीय विद्यार्थ्यांसाठीच आहे, मात्र तिथे तुला घ्यायला तयार असलेला प्राध्यापक तूच शोधायचा असतो. पदवीच्या कुठल्या वर्षाला अर्ज चालतो याचे नियम प्रत्येकाचे वेगळे. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीचं चौथं वर्ष घेता येतं, त्याचा इथे उपयोग होतो.

मिटॅक्सची मुदत साधारण सप्टेंबरात संपते, बाकीच्या बहुतेकांची हिवाळ्यात. आपल्याकडे बहुतेकांना हे मार्चमध्ये, परीक्षा जवळ आल्यावर आठवतं. तोवर बहुतेक दारं बंद झालेली असतात. गणपती येण्याआधीच अर्ज लिहायला बसायचं, असं कॅलेंडरवर लिहून ठेव.

पण तुला माझा खरा सल्ला वेगळा आहे. पहिला उन्हाळा भारतातच काढ. बंगळूरच्या विज्ञान अकादमीतर्फे, तिन्ही राष्ट्रीय अकादमींची मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती असते. दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करायला मिळतं, मासिक विद्यावेतन आणि प्रवासखर्च मिळतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम आहे. शुभा टोळे आणि विदिता वैद्य यांच्या मेंदूविषयक प्रयोगशाळा तिथेच आहेत. एकीचं काम गर्भात मेंदू कसा घडतो यावर, दुसरीचं भावना आणि ताण यांमागच्या मेंदूतल्या रसायनांवर. दोघींनाही भटनागर पुरस्कार मिळालेला आहे. कोकणकन्येनं रात्री निघालीस तर सकाळी मुंबईत. मेंदूचं काम तुला रोज करवतं का, हे इथे कळलं तर परदेशात गेल्यावर पहिल्या दिवसापासून उपयोगाची होशील.

शेवटी आजोबा. पार्किन्सन्समध्ये मध्यमेंदूतल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाच्या भागातल्या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरतात. डोपामिन हा स्वतंत्र संदेशवाहक आहे हे अर्विड कार्लसन यांनी १९५०च्या दशकात दाखवलं आणि त्यातूनच लेव्होडोपाच्या उपचाराची वाट सापडली. आजोबांच्या गोळ्यांच्या वेष्टनावर बहुधा ते नाव तुला दिसेल. कार्लसन यांच्याबरोबर २००० सालच्या नोबेलचे एक वाटेकरी होते एरिक कँडेल. त्यांनी स्मृतीचा शोध समुद्री गोगलगाईत घेतला. अर्जात आजोबांविषयी जरूर लिही, दोन ओळी. पण त्यानंतरची ओळ एखाद्या नेमक्या प्रश्नाची असू दे. मेंदूतल्या इतर पेशी टिकतात आणि याच का मरतात, हा प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही. त्यावरचं काय वाचलंस आणि कुठे अडलीस ते लिही. पबमेड सेंट्रल आणि बायोआर्काइव्ह या संकेतस्थळांवर शोधनिबंध फुकट वाचता येतात, मोबाइलवरसुद्धा. पहिला निबंध वाचायला आठवडा लागेल. लागू दे.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात बायोटेक्नॉलॉजी शिकते. एका एजन्सीमार्फत परदेशी विद्यापीठात चार आठवड्यांचा न्यूरोसायन्सचा ‘समर रिसर्च प्रोग्रॅम’ आहे म्हणते. खर्च साडेचार लाख, विमान वेगळं. आगाऊ रक्कम या महिन्यात भरायची आहे. आमची आंब्याची बाग तीन वर्षांच्या करारानं देऊन पैसे उभे करण्याचा विचार आहे. मुलीचं भविष्य म्हणून करावं का? — एक बागायतदार, देवगड

उत्तर : करू नका. बाग करारानं देऊ नका आणि आगाऊ रक्कमही भरू नका.

खऱ्या उन्हाळी संशोधनात पैसा प्रयोगशाळेकडून विद्यार्थ्याकडे येतो. वरच्या उत्तरात मी जी नावं दिली आहेत तिथे भत्ता मिळतो, बहुतेक ठिकाणी राहण्याची सोय असते, काही ठिकाणी विमानाचं भाडंही. कारण विद्यार्थी तिथे जाऊन काम करतो आणि संस्थांना चांगले विद्यार्थी हेरायचे असतात. जिथे लाखो रुपये भरावे लागतात तिथे बहुधा वर्गातली व्याख्यानं, एकदोन प्रयोगशाळांची भेट आणि प्रमाणपत्र असतं. काही नामांकित विद्यापीठंसुद्धा शुल्क घेऊन अशी उन्हाळी शाळा भरवतात. त्यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. पण ते संशोधन नव्हे, आणि त्यासाठी बाग अडकवण्याइतकं त्याचं मोल नाही.

तुम्ही एजन्सीला इतकंच विचारा: मुलगी कुणाच्या प्रयोगशाळेत बसणार, तिला रोज शिकवणारा माणूस कोण, आणि चार आठवड्यांत ती कुठलं काम पूर्ण करणार? प्राध्यापकाचं नाव मिळालं तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून त्यांचा ईमेल काढून मुलीलाच थेट विचारू दे. नाव मिळालं नाही, किंवा ‘तिथे गेल्यावर ठरेल’ असं उत्तर आलं, तर तुम्हाला हवं ते कळलं. चार आठवडे हा काळही फार तोकडा आहे. मेंदूच्या प्रयोगशाळेत पहिले दोन-तीन आठवडे उपकरणं समजून घेण्यातच जातात.

पुढे एम.एस. किंवा पीएच.डी.ला प्रवेश देणारे लोक प्रमाणपत्राकडे फारसं बघत नाहीत. ते शिफारसपत्र वाचतात. ‘ही मुलगी माझ्याकडे दोन महिने होती, तिनं हे केलं, इथे ती स्वतःहून पुढे गेली’ असं ज्या पत्रात असतं ते पत्र उपयोगाचं. ते पुण्यातल्या ‘आयसर’ या विज्ञान संशोधन संस्थेतूनही मिळू शकतं, बंगळूरच्या ‘एनसीबीएस’ या जीवविज्ञान केंद्रातूनही. मुलीनं पुण्यात राहून आयसरच्या एखाद्या प्रयोगशाळेत सहा महिने काम केलं तर तिच्या अर्जाला साडेचार लाखांच्या चार आठवड्यांपेक्षा जास्त वजन येईल, आणि खर्च होईल तो बसच्या तिकिटाचा.

एक गोष्ट तुमच्यासाठी नाही, पण बऱ्याच पत्रांत होती म्हणून इथेच सांगते. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहे. उन्हाळी कार्यक्रमाला ती लागू होत नाही. पण उन्हाळी अनुभवाच्या जोरावर पुढे पदव्युत्तर प्रवेश मिळाला तर तेव्हा तिचा विचार जरूर करा.

मुलीला नाही म्हणणं तुम्हाला जड जाईल हे पत्रातून कळतं. हे उत्तर तिला वाचायला द्या आणि तिनं मला लिहिलं तर मी तिच्याशी सविस्तर बोलेन.

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं. मला मेंदूविज्ञानात जाता येईल का? — अलिबाग

उत्तर : येईल, आणि तुझ्यासारख्यांची प्रयोगशाळांना आज फार गरज आहे. २०२४ साली फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा जोडणी-नकाशा प्रसिद्ध झाला: सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी आणि त्यांच्यामधले कोट्यवधी जोड. हे काम सूक्ष्मदर्शकाइतकंच संगणकाचं होतं. सगळी माहिती खुली आहे, आजच उघडून बघ. वर हॉजकिन आणि हक्सली यांच्या समीकरणांचा उल्लेख केला, ती पायथॉनमध्ये सोडवून चेतासंदेशाचा आलेख काढ. एका रविवारी होईल. त्यानंतर सोडियमचा प्रवाह बंद केला तर काय होतं ते करून बघ. ‘न्यूरोमॅच अकादमी’ हा ऑनलाइन उन्हाळी वर्ग २०२० पासून चालतो, तिथे मेंदूविज्ञानातलं गणित आणि प्रोग्रॅमिंग गटागटानं शिकवतात आणि शुल्कही देश बघून ठरतं. वाइज आणि मिटॅक्स या दोन्हींत इंजिनीअरिंगच्या मुलांना चांगली संधी असते. एमबीबीएस करावं लागेल का, असं पत्राच्या शेवटी विचारलं आहेस. नाही. मेंदूवर उपचार करणं आणि मेंदूवर संशोधन करणं हे दोन वेगळे रस्ते आहेत.

प्रश्न : मॅडम, माझी ओकिनावाला निवड झाली! मे महिन्यात जायचं आहे. पण घरात आनंद कमी आणि काळजीच जास्त आहे. आजी माळकरी आहे. मी जनावरांवर प्रयोग करणार असं कुणीतरी तिला सांगितलं आणि ती माझ्याशी बोलायची थांबली आहे. मलाही नक्की माहीत नाही की मला काय करावं लागेल. तिथला दिवस कसा असतो? भाषेचं काय? — श्रीवर्धनची एक मुलगी

उत्तर : आधी अभिनंदन, मनापासून.

आजीचा प्रश्न हलका समजू नकोस. जगभरातल्या प्रयोगशाळा तोच प्रश्न रोज स्वतःला विचारतात. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन तत्त्वं मांडली, ती आज सगळीकडे पाळली जातात: प्राण्यांऐवजी दुसरं काही वापरता येत असेल तर ते वापरा, प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवा, आणि त्यांना होणारा त्रास कमीत कमी करा. प्रत्येक प्रयोगाला समितीची मंजुरी लागते, आपल्याकडेही. युरोपच्या २०१०च्या नियमांत तर पाठीचा कणा नसलेली माकुलं आणि आठपायी माकली, म्हणजे ऑक्टोपससुद्धा, संरक्षित प्राण्यांत धरली आहेत, कारण त्यांना वेदना होत असाव्यात असं मानायला आधार आहे. तू नवखी आहेस, त्यामुळे प्रशिक्षण घेतल्याशिवाय कुणी तुझ्या हातात प्राणी देणार नाही. आणि तुला ते करायचंच नसेल तर आत्ताच, जाण्याआधी, प्रयोगशाळेच्या प्रमुखांना स्पष्ट लिही. चित्रफितींचं विश्लेषण, आधीच घेतलेल्या नोंदींवरचं काम, संगणकावरची प्रतिकृती, यातलं काहीही मागता येतं. अशा पत्राचा कुणी राग धरत नाही.

आजीला एक गोष्ट सांग. त्याच संस्थेत माकली झोपते कशी याचा अभ्यास झाला आणि २०२३ साली तो प्रसिद्ध झाला. शांत झोपेत असलेली माकली साधारण तासातून एकदा, मिनिटभर, जागेपणी दिसतात तसे रंग आणि नक्षी अंगावर उमटवत जाते, आणि त्या वेळी तिच्या मेंदूतली हालचालही जागेपणासारखी असते. आपल्या स्वप्नांच्या झोपेशी याचं साम्य आहे. मुक्या प्राण्याच्या आतही काहीतरी चाललेलं असतं हे आजीला नव्यानं सांगायला नको. विज्ञान तिथवर आत्ता पोहोचतं आहे, हे तिला कळलं तर कदाचित ती तुझ्याशी बोलेल.

दिवस कसा असतो ते माझ्या अनुभवावरून सांगते. मी जर्मनीत, गटिंगेनमधल्या एका प्रयोगशाळेत उन्हाळा काढला. त्याच गावात एर्विन नेहर आणि बेर्ट साकमान यांनी १९७६ साली पेशीच्या पटलातल्या एकेका छिद्रातून जाणारा प्रवाह मोजण्याची पॅच क्लॅम्प पद्धत शोधली, तिला १९९१ साली नोबेल मिळालं. मी वेंगुर्ल्याहून गेले होते, आणि सुरुवातीला माझ्या वाट्याला आलं ते मीठपाणी. मेंदूचा काप जिवंत ठेवायला मेंदूतल्या द्रवासारखं क्षारांचं पाणी बनवायचं, त्यातून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडत राहायचे, तापमान सांभाळायचं. हे पाणी चुकलं तर पुढचं काहीच होत नाही. मग काचेच्या नळ्या तापवून, ताणून, टोक मिलीमीटरच्या हजाराव्या भागाइतकं बारीक करायचं. मग सूक्ष्मदर्शकाखाली, मिलीमीटरच्या तिसऱ्या हिस्स्याएवढ्या जाडीच्या कापात, एका पेशीजवळ ते टोक न्यायचं आणि नळीला जोडलेल्या रबरी पाइपातून तोंडानं हलकेच ओढ द्यायची, म्हणजे काच पेशीला घट्ट चिकटते. चिकटली नाही तर दुसरी नळी, दुसरी पेशी. बहुतेक वेळा चिकटत नाही. संध्याकाळी वहीत ‘आज एकही पेशी मिळाली नाही’ असं लिहून घरी जायचं, आणि ते लिहायला कुणी लाजत नाही. मग एखाद्या दुपारी पडद्यावरची रेघ एकदम स्थिर होते, आणि तुम्ही दिलेल्या इवल्याशा प्रवाहाला ती पेशी उसळी मारून उत्तर देते. जिवंत चेतापेशी आपल्याला उत्तर देते आहे, हे पहिल्यांदा पाहताना माझे हात थरथरले होते. आजही विद्यार्थ्यांना ते दाखवताना मला तितकाच आनंद होतो.

वही रोज लिही, त्याच दिवशी लिही. जे समजलं नाही ते त्याच दिवशी विचार. प्रयोगशाळेतली बैठक आठवड्यातून एकदा असते, तिथे सुरुवातीला नुसतं ऐक, पण तिसऱ्या बैठकीत एक प्रश्न विचारायचाच असं ठरव. शेवटी दहा-पंधरा मिनिटं आपलं काम सगळ्यांसमोर मांडावं लागतं, त्याची तयारी शेवटच्या पंधरवड्यावर टाकू नकोस.

भाषेची काळजी करू नकोस. तिथलं सगळं काम इंग्रजीत चालतं, आणि तिथे बसलेल्या बहुतेकांची ती मातृभाषा नसते. तुटक पण नेमकं बोलणारं माणूस सगळ्यांना आवडतं. हवा दमट आहे, अगदी आपल्यासारखी, आणि उन्हाळ्यात वादळं येतात. २०२०चं निसर्ग वादळ श्रीवर्धनमध्ये राहून ज्या घरानं काढलं त्या घरातल्या मुलीला वादळाची सूचना आल्यावर काय करायचं हे वेगळं शिकवायला नको. घरच्यांसाठी संस्थेचं राहण्याचं ठिकाण, प्रमुखांचं नाव आणि फोन एका कागदावर लिहून देवघराजवळ लावून ठेव. व्हिसासाठी लागणारी कागदपत्रं संस्थाच पाठवते, ती येईपर्यंत कुणा दलालाला पैसे देऊ नकोस. आणि ज्यांचा पासपोर्ट अजून काढलेला नाही त्यांनी आजच अर्ज करावा. २०१७ पासून कितीतरी टपाल कार्यालयांत ही सेवा सुरू झाली आहे.

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातल्या एका छोट्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. विद्यार्थी शिफारसपत्र मागतात, पण परदेशी प्राध्यापकांना आमच्यासारख्यांच्या पत्राची काय किंमत? शिवाय इथे संशोधनाचं वातावरण नाही, मी त्यांना काय देऊ शकतो?

उत्तर : सर, तुमच्या पत्राची किंमत तुम्ही त्यात काय लिहिता यावर ठरते. ‘विद्यार्थी हुशार, कष्टाळू व नम्र आहे’ हा ठरलेला मजकूर असेल तर मोठ्या कॉलेजातलं पत्रही कुणी वाचत नाही. त्याऐवजी तुम्ही पाहिलेली एक घटना लिहा. प्रात्यक्षिकात उत्तर चुकीचं आल्यावर त्या मुलानं काय केलं? कॉलेजात सोय नसताना त्यानं कुठून साहित्य आणलं? पहाटेची एसटी पकडून येणारा मुलगा प्रयोगासाठी संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबत असेल तर ते लिहा, आणि तुमच्या कॉलेजात काय नाही तेही स्पष्ट लिहा. निवड करणाऱ्याला त्यावरूनच कळतं की या मुलानं किती अंतर स्वतःच्या पायांनी कापलं आहे. विद्यार्थ्याला पत्राचा मसुदा स्वतः लिहून आणायला सांगू नका. त्याला आपल्याबद्दल ते लिहिता येत नाही आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

वातावरणाचं म्हणाल तर आठवड्यातून एक तास ठरवा. एक शोधनिबंध, चार-पाच मुलं, आणि निबंधातली एकच आकृती. आडव्या अक्षावर काय आहे, उभ्या अक्षावर काय आहे, आणि लेखकांनी काढलेला निष्कर्ष त्यातून खरोखर निघतो का, एवढंच बोला. चर्चा मराठीत करा. परदेशी मुलाखतीत विचारतात ते हेच.

आणि तिन्ही विज्ञान अकादमींच्या ज्या उन्हाळी शिष्यवृत्तीबद्दल मालवणच्या मुलीला लिहिलं, ती शिक्षकांसाठीही आहे. बऱ्याच कॉलेजांत हे कुणाला माहीत नसतं. तुमच्या विद्यार्थ्यांचे अर्ज भरून घ्याल त्याच दिवशी तुमचाही भरा. अर्जासोबत संशोधनाचा छोटा आराखडा जोडावा लागतो. तो लिहून झाला की अर्जाला जोडण्याआधी मला पाठवा, मी वाचून देते.